बटण कुठं हाय?

लोकांच्या घरी आम्ही जातो ते काहीतरी बंद पडल्यावर. सगळं सुरळीत चालू असताना वायरमनला बोलावणारं घर मी अजून बघितलेलं नाही. त्यामुळं दारातून आत पाऊल टाकलं की घरातली माणसं आधीच एकमेकांवर, नाहीतर आमच्यावर, चिडलेली असतात. आणि चिडलेलं माणूस खरं बोलतं. आमच्या धंद्यात किस्से साठतात ते असे. गोळा करावे लागत नाहीत.

मी शाहूपुरीतल्या एका इलेक्ट्रिकलच्या दुकानात सर्व्हिसचं काम बघते. आयटीआय झाल्यापासून इथंच आहे. मालक अण्णा, जैन घरचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी दुकानात विहिरीवरच्या मोटारी, स्टार्टर, केबल असला माल असायचा. काही वर्षांपूर्वी अण्णांनी एका कंपनीची होम ऑटोमेशनची एजन्सी घेतली. म्हणजे मोबाईलवरून दिवे लावायचे, तोंडानं सांगून पंखा सुरू करायचा, पडदे आपोआप सरकवायचे. वायरिंग दस्तगीरमामा करतात, ते वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मोबाईलमधलं सेटिंग मी करते.

हे किस्से सांगितले की मैत्रिणी हसतात. मला हसू येत नाही. मला राग येतो, आणि त्यातला थोडा माझ्यावरही असतो.

*

पहिला उचगावचा. ट्रकांचा धंदा असलेलं घर. नवा दुमजली बंगला बांधलेला, सगळं काम कोल्हापूरच्या एका आर्किटेक्टच्या मनाप्रमाणं. प्रत्येक खोलीत आम्ही काचेची काळी पाटी बसवली. त्या पाटीवर आठ पांढरे ठिपके. बोट लावलं की दिवा लागतो. कुठल्या ठिपक्यानं काय लागतं हे लिहिलेलं नाही, कारण लिहिलं की म्हणे काच घाण दिसते.

घरातल्या थोरल्या बाई अक्काताई. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बाथरूमच्या दिव्याचं बटण कुठं हाय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, डावीकडची ओळ, वरून दुसरा ठिपका. त्यांनी तो दाबला. तिकडं हॉलमध्ये जेवायला बसलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद झाला. शेजारचा दाबला, तर जिन्यातले सगळे दिवे लागले. बाथरूम काळोखातच राहिलं.

चार दिवसांनी मी गेले, तर अक्काताईंनी घरभर टिकल्या चिकटवलेल्या. दिव्याला लाल टिकली, पंख्याला मरून, आणि ज्याला हातच लावायचा नाही त्याला काळी. नातवंडंसुद्धा न चुकता दिवे लावत होती. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस बसून मला जे सुचलं नव्हतं ते या बाईनं टिकल्यांच्या एका पाकिटात केलं होतं. ट्रेनिंग देणाऱ्या साहेबाला मी विचारलं होतं की एवढे सारखे ठिपके माणसानं ओळखायचे कसे. वापरणाऱ्याला दोन दिवसांत सवय होते, असं उत्तर मिळालं होतं.

तेवढ्यात आर्किटेक्ट फोटो काढायला आले. त्यांनी एकेक टिकली नखानं खरवडून काढली, रुमालानं काच पुसली, आणि माझ्याकडं बघून म्हणाले की असलंच काही लावायचं होतं तर जुनी प्लास्टिकची बटणं काय वाईट होती?

अक्काताई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तेच सांगतोय की आम्ही कवाधरनं."

*

राजारामपुरीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बेंगळूरची मुलगी कळवळ्याची. तिनं बोलण्यावर चालणारा स्पीकर पाठवला आणि आम्हाला फोन केला. बाबांना उठता येत नाही, निदान पडल्या पडल्या दिवा तरी लावता येऊ दे, आईला सारखी हाक मारायला लागू नये, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं. हे सगळं यंत्र कुणासाठी असेल तर अशाच माणसासाठी, असं म्हणत मी त्या दिवशी मन लावून काम केलं.

सगळं जोडून झालं. मी बोलले, दिवा लागला. सरांच्या घरच्या बाई बोलल्या, दिवा विझला. मग सरांची पाळी आली. सरांनी सावकाश, सगळा जोर लावून दिवा लाव म्हणून सांगितलं. यंत्र म्हणालं, माफ करा, मला समजलं नाही. सरांनी पुन्हा सांगितलं. माफ करा, मला समजलं नाही. मी आवाजाचं सेटिंग बदललं, स्पीकर उशाजवळ आणला, भाषा बदलून बघितली. माफीवर माफी. बायकोला त्यांचा शब्दन् शब्द कळत होता, यंत्राला एक कळत नव्हता. शेवटी सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. ज्या माणसानं जन्मभर वर्गात उभं राहून पोरांचे उच्चार सुधारले, त्याला एक डबडं गोड आवाजात नापास करत होतं, आणि ते डबडं मी उशाशी आणून ठेवलं होतं.

दस्तगीरमामा खाली गाडीकडं गेले. येताना वायरीला लोंबणारं एक जुनं बटण घेऊन आले, पूर्वी दवाखान्यात खाटेजवळ असायचं तसलं, पेरूच्या आकाराचं. अर्ध्या तासात त्यांनी ते दिव्याला जोडलं आणि सरांच्या डाव्या हाताशी गादीला पिन लावून अडकवलं.

सरांनी ते दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. मग कितीतरी वेळ ते नुसतं लावत आणि विझवत राहिले. मध्येच मामांकडं बघून काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मला बाईंना विचारावं लागलं, याची लाज अजून आहे.

बाई म्हणाल्या, "ते म्हणताहेत, पास."

*

आता माझ्या चुकीचा. हा सांगायला जड जातो, पण दुसऱ्यांच्या चुका सांगायच्या आणि आपली गिळायची हे बरं नव्हे.

कळंब्याच्या बाजूला एक घर. नवरा-बायको आणि सासूबाई. बायकोला नववा महिना. आम्ही त्यांना रिमोटवर सरकणारं लोखंडी गेट बसवून दिलं होतं. पूर्वी मोठ्या गेटला लागून माणसापुरतं लहान दार असायचं. ते दिसायला बरं दिसत नाही म्हणून काढून तिथं भिंत केलेली. लाईट गेली की गेट हातानं सरकवता यावं म्हणून मोटारीला एक किल्ली असते. ती फिरवली की मोटार मोकळी होते. काम झाल्यावर ती किल्ली घरमालकाच्या हातात द्यायची आणि फिरवून दाखवायची, एवढं साधं. त्या दिवशी पुढच्या साईटची घाई होती. मी दिली नाही. उद्या देते म्हटलं आणि उद्या काही आला नाही.

एका दुपारी लाईट गेली. त्यातच सूनबाईंना कळा सुरू झाल्या. नवरा ऑफिसात. रिक्षा गेटाबाहेर उभी, आणि गेट काही हलेना. सासूबाईंचा मला फोन आला. त्यांचा आवाज चढलेलाही नव्हता. किल्ली कुठं ठेवलीस बाई, एवढंच विचारलं. मी वारणानगरला होते. कोल्हापूर तिथून तासाभराच्या वाटेवर. आणि किल्ली माझ्या पिशवीत होती.

"माझ्याजवळच हाय, मावशी," मी म्हटलं.

पलीकडून फोन बंद झाला. मी मामांना तिथंच सोडून मोटारसायकल काढली. पोचेपर्यंत शेजारचे चौघे आणि रिक्षावाला यांनी पहारी लावून गेट रुळावरून उचललं होतं. गेट अंगणात आडवं पडलेलं, मोटारीचे दात तुटलेले, दारात कुणी नाही. शेजाऱ्यांना विचारून दवाखान्यात गेले, तिथं कळलं की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी बाहेरच्या बाकावर बसले.

तिसऱ्या दिवशी किल्ली घेऊन घरी गेले. सासूबाई दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं. मी म्हटलं, दुकानाच्या खर्चानं गेट पुन्हा बसवून देतो, भिंत फोडून लहान दारही करून देतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्या घराला हाय काय गं असलं गेट?"

मी नाही म्हटलं. माझ्या घराला कडी आहे.

"का न्हाय?"

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

*

त्या दिवशी वारणानगरला मी ज्या घरी होते ते बापूंचं. बापू साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, जवळच स्वतःचं घर बांधून राहिलेले. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानं घरात कॅमेरे बसवून घेतलेले. गिझर, टीव्ही, पाण्याची मोटार, सगळं मोबाईलला जोडलेलं.

तक्रार होती गिझरची. मध्येच बंद पडतो म्हणून. त्या दिवशी मामा ते काम बघत होते आणि मी निघून गेले, म्हणून आठवड्यानं मला पुन्हा जावं लागलं. मामांना काही दोष सापडला नव्हता. मलाही सापडेना. कॉईल चांगली, वायर चांगली. मग मी मोबाईलमधली नोंद उघडली. गिझर कधी सुरू झाला, कधी बंद झाला, कुणी केला, ते सगळं तिथं असतं. रोज सकाळी बापू गिझर लावत होते आणि दहा मिनिटांत तो पुण्याहून बंद होत होता.

मी हे बापूंना सांगितलं. त्यांच्या बायकोनं पदरानं तोंड पुसलं. दोन महिने म्हणे त्या कोमट पाण्यानं आंघोळ करत होत्या. यांचा हात आता नीट चालत नाही, बटण अर्धवट दाबलं जातंय, असं समजून त्या नवऱ्याला बोल लावत होत्या. बापूही आपलाच हात चुकतोय असं धरून रोज दोनदा, तीनदा बटण दाबत होते. दोन म्हातारी माणसं आपल्याच घरात दोन महिने स्वतःला वेडी समजत होती. मला काय वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी बाथरूमबाहेर बसवलेलं, गिझर मोबाईलला जोडणारं यंत्र काढायला स्क्रू ड्रायव्हर लावला, तोच भिंतीवरचा कॅमेरा बोलायला लागला. मुलगा बोलत होता. मॅडम, सेटिंगला हात लावू नका, आईबाबांना जास्त गरम पाणी चांगलं नाही, आणि ते विसरतात, गिझर तासन् तास तसाच राहतो. त्याच्या आवाजात काळजी होती, ती खोटी नव्हती. म्हणून तर आणखी चीड आली. त्याच काळजीनं एक फोन करून त्यानं आईला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी बापूंकडं बघितलं. ते खुर्चीतून सावकाश उठले, खांद्यावरचा टॉवेल काढला, कॅमेऱ्यापाशी गेले आणि तो त्याच्यावर टाकला.

आवाज आला, "बाबा, कॅमेऱ्यावर काहीतरी आलंय."

बापू म्हणाले, "तुझा बाप आलाय."

मग माझ्याकडं वळून त्यांनी सांगितलं, व्हय, काढा. मी काढलं.

*

आणि ज्या कंपनीच्या भरवशावर आम्ही हे सगळं बसवत होतो, तिनं एका सकाळी मेल पाठवला. जुन्या मॉडेलचं ॲप बंद होणार, सेवा थांबणार, आजवर साथ दिल्याबद्दल आभार. अण्णांनी तो काउंटरपाशी उभं राहून दोनदा वाचला. त्यांना इंग्रजी चांगलं येतं, तरी मला म्हणाले की तू वाच, माझं काहीतरी चुकत असेल.

चुकत नव्हतं. थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले. एका डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघरातला दिवा लागेना. दुसऱ्या घरात दिवाळीसाठी लावलेला जांभळा रंग तसाच अडकून बसला, ती माणसं जांभळ्या उजेडात भाकरी खात होती. दिवे चांगले, वायरी चांगल्या, पण भिंतीतलं यंत्र कंपनीच्या ज्या सर्व्हरला विचारून काम करायचं तो दूर कुठंतरी बंद झालेला. लोक कंपनीला ओळखत नाहीत. लोक अण्णांना ओळखतात. शिव्या अण्णांना.

अण्णांनी कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडची मुलगी सभ्य होती. तिनं सांगितलं, ते प्रॉडक्ट आता जुनं झालं, सरांनी नवीन मॉडेल घ्यावं. अण्णांचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी मात्र गल्लीतल्यांनी माना वळवून बघितलं. "आमच्या वडिलांनी विकलेली मोटार अजून विहिरीवर चालतीया," ते म्हणाले. "तुमचा दिवा तीन वर्षांत म्हातारा कसा झाला, तेवढं सांगा."

 मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही या कॉलला किती स्टार द्याल?"

अण्णांनी फोन ठेवला. खालच्या कपाटातून साध्या स्विचचे खोके काढले आणि मामांना गाडी काढायला सांगितलं. सत्तरीला आलेला माणूस पुढचे दोन महिने आमच्याबरोबर घरोघरी जिने चढला. प्रत्येक दारात आधी त्यांनी हात जोडायचे, मग आम्ही काचेच्या पाट्या उपटून बटणं बसवायची.

*

एक राहिला. तो आमच्या दुकानामागच्याच गल्लीतला.

अपार्टमेंटमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. साहेब कॉलेजात प्राध्यापक, वहिनी बँकेत. त्यांच्याकडं सुनीताताई एकोणीस वर्षं कामाला आहेत. दोघंही नोकरीला जायचे म्हणून फ्लॅटची एक चावी पहिल्यापासून त्यांच्याकडं. मुलगी लहान असताना शाळेतून आली की दार सुनीताताईच उघडायच्या, जेवायला वाढायच्या, वेणी घालायच्या.

साहेबांनी दाराला बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप घेतलं. जुनं कुलूप काढून मी ते बसवलं आणि घरातल्यांचे ठसे घेतले. साहेबांचा पहिल्या झटक्यात. वहिनींचा, मुलीचा. मग वहिनींनी आतून सुनीताताईंना हाक मारली. त्या भांड्यांवरून उठून आल्या, हात पदराला पुसले आणि उजव्या हाताचं बोट पुढं केलं.

लाल दिवा. मी म्हटलं, ओलं असेल. कोरडं करून लावलं, लाल. डावा हात, लाल. वहिनींनी आतून खोबरेल तेल आणलं, ते चोळून बघितलं. मग कुठलंसं क्रीम. साहेब वर्तमानपत्र बाजूला ठेवून आले आणि म्हणाले की ती नीट दाबत नसेल. सुनीताताईंनी इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. लाल.

मी त्यांचा हात हातात घेऊन एकेक बोट लावत गेले. चौथ्या बोटाला मला कळलं होतं, तरी दहाही लावली. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं. बोटांची टोकं वरवंट्यासारखी गुळगुळीत. रेषा नव्हत्याच. सुनीताताई हळू आवाजात मला म्हणाल्या की रेशनच्या दुकानातबी असंच होतंय, तिथला माणूस दर महिन्याला वराडतोय.

मी वहिनींना सांगितलं की यांचा ठसा लागणार नाही, पण काळजी नाही, या कुलपाला चार आकड्यांचा नंबर दाबूनही उघडता येतं, यांना नंबर देऊ. वहिनींनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, नंबर नको. नंबर काय, माणूस कुणालाही सांगू शकतं.

सुनीताताई तिथंच उभ्या होत्या. एकोणीस वर्षं चावी बाळगलेली बाई. मुलगी खाली मान घालून आपल्या खोलीत गेली.  

साहेबांनाही बहुतेक अवघडलं असावं. काहीतरी बोलायचं म्हणून ते मला म्हणाले, "पण असं होतं कसं? रेषा गेल्या कुठं?"

सुनीताताई तोवर स्वयंपाकघराकडं वळल्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "मांडणीवर बघा की, सायेब. तुमच्या भांड्यांवर असतील."

आणि त्यांनी नळ सोडला.